वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : ७८ अंश उत्तरेला, मुलाबाळांसह

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही बरंच उत्तरेला स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. त्यातल्या स्पिट्सबर्गन बेटावर लाँगइयरब्येन नावाचं सुमारे अडीच हजार वस्तीचं गाव आहे. कोळशाच्या खाणींसाठी १९०६ साली वसलेलं. गावाबाहेर जाणारा एकही रस्ता दुसऱ्या वस्तीपर्यंत पोचत नाही. पुढे जायचं तर बोट, बर्फावरची स्कूटर किंवा कुत्र्यांची गाडी. सहकुटुंब तिथं जाण्याबद्दल नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. शाळेमुळे आम्हाला मे महिना, दिवाळी किंवा नाताळ एवढेच पर्याय. नेमकं केव्हा जावं? (गंगापूर रोड)

उत्तर : विमानाचं भाडं बघून तारीख ठरवणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. त्याच गावात मेच्या पहिल्या आठवड्यात एक सहल होते, जूनच्या पहिल्या आठवड्यात वेगळीच, आणि नाताळात तर तिसरीच.

साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट तिथं सूर्य मावळतच नाही. २६ ऑक्टोबरच्या सुमारास तो क्षितिजाखाली जातो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. गाव डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे प्रत्यक्ष ऊन गावात पोचायला ८ मार्च उजाडतो. म्हणजे दिवाळीच्या सुटीत भर दुपारी निळसर संधिप्रकाश तेवढा मिळेल आणि नाताळात चोवीस तास काळोख. अरोरा, म्हणजे उत्तरेचा रंगीत प्रकाश, बघायचा म्हणून बरेच जण नाताळ निवडतात. पण रात्रीच्या वेळी अरोराचा मुख्य पट्टा या बेटाच्या दक्षिणेकडून जातो. तेवढ्यासाठीच जायचं असेल तर नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं ट्रोम्सो बरं. आठ वर्षांच्या मुलाला आठवडाभर अंधारात रमवणं सोपं नाही, हेही लक्षात घ्या.

तेव्हा तुमच्यासाठी मे-जूनच. त्यातही दोन तुकडे आहेत. मेच्या पहिल्या दहा दिवसांत सहसा बर्फ घट्ट असतो, तापमान शून्याच्या खाली पाच-सात अंशांपर्यंत आणि आकाशात अखंड ऊन. कुत्र्यांची गाडी, बर्फावरची स्कूटर, हिमनदीतली गुहा हे सगळं याच काळात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तापमान शून्याच्या वर येतं, बोटी रोज सुटू लागतात, समुद्रपक्ष्यांनी कडे भरून जातात. मधला काळ, म्हणजे मेचा शेवटचा पंधरवडा, शक्यतो टाळा. दरीतला बर्फ भुसभुशीत होऊन चिखल होतो, स्कूटर बंद होत आलेल्या असतात, आणि आतल्या फ्योर्डमधलं, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतलं, गोठलेलं पाणी अजून फुटलेलं नसल्यामुळे बोटीही थोड्याच ठिकाणी जातात. पिरामिडेन हे १९९८ साली रिकामं झालेलं रशियन खाणगाव बघायचं असेल, तर मेमध्ये बोट तिथल्या धक्क्याला लागेलच असं नाही. बर्फाच्या कडेपर्यंत नेऊन परत आणतात.

मुलं आठ आणि तेरा वर्षांची आहेत, तर आमचं मत जूनच्या पहिल्या आठवड्याला. शाळा मध्यावर उघडतात, तोवर परत येता. स्कूटरच्या सहलींना वयाची आणि उंचीची अट असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. धाकट्याला नाकारण्याची शक्यता जास्त. जूनमध्ये कुत्र्यांना चाकांच्या गाडीला जुंपतात, तिथं लहान मुलांना सहसा घेतात. मुलं मोठी, पंधरा-सोळाच्या पुढची असती, तर मेची सुरुवात सांगितली असती.

प्रश्न : एजंट म्हणतो, शेंगेन व्हिसा काढला की झालं. बरोबर आहे का? (सिडको)

उत्तर : अर्धंच बरोबर, आणि उरलेलं अर्धं विमानतळावर कळलं तर तुम्ही अडकून पडाल. स्वालबार्डला जायला स्वतंत्र व्हिसा लागत नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तशी व्यवस्था आहे. पण हे बेट शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे आणि विमानं सुटतात ती ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून, म्हणजे शेंगेनमधून. मुंबईहून ऑस्लोला उतरलात, हा पहिला प्रवेश. बेटावर गेलात की शेंगेन सोडलं. परत ऑस्लोला आलात, हा दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचा रस्ता बंद. अर्जात किमान दोन प्रवेशांचा किंवा बहुप्रवेशाचा पर्याय मागा आणि सोबतच्या पत्रात दिवसवार कार्यक्रम द्या : कोणत्या तारखेला ऑस्लो, कोणत्या तारखेला लाँगइयरब्येन, परत केव्हा. व्हिसा हातात आला की त्यावर प्रवेशांच्या रकान्यात ०१ आहे, ०२ आहे की बहुप्रवेश, हे व्हिसा केंद्राबाहेर पडण्याआधी बघा. एक पडलं असेल तर दुरुस्तीला वेळ हवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याची गर्दी धरून दोन-अडीच महिने हातात ठेवा. व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्याहून मोठ्या मुलांना मात्र व्हिसा केंद्रावर न्यावंच लागेल.

विम्याची गोम वेगळी. शेंगेनसाठी ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं आणि एजंट तेवढंच काढून देतात. स्वालबार्ड शेंगेनमध्ये नसल्यामुळे नुसत्या ‘शेंगेन देशांपुरत्या’ पॉलिसीत ते येतं असं गृहीत धरू नका. विमा कंपनीकडून ईमेलवर दोन गोष्टी लिहून घ्या : स्वालबार्ड धरलं आहे, आणि शोध-बचाव व हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरला आहे. फोनवरचं ‘हो हो सर’ उपयोगाचं नाही.

प्रश्न : थंडीचे कपडे किती आणि कसले? निफाडची थंडी आम्हाला सवयीची आहे. (निफाड)

उत्तर : निफाडला द्राक्षबागेत जानेवारीच्या पहाटे शेकोटी करायला लावणारी जी चार-पाच अंशांची थंडी पडते, ती लाँगइयरब्येनला जूनमध्ये भर दुपारी असते. फरक एवढाच की आपल्याकडे दहा वाजता ऊन चढतं, तिथं दिवसभर तेच, वर समुद्रावरचा ओला वारा. मेमध्ये एखाद्या जास्त थंड दिवशी, उणे दहात, स्कूटर ताशी ५० किलोमीटरने चालली, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २२ सारखी लागते.

आपल्या माणसांची ठरलेली चूक म्हणजे सुती बनियन. वर दोन हजारांचं थर्मल, जाकीट, सगळं घालतात आणि सगळ्यांत आत तोच रोजचा बनियन. चढ चढताना घाम येतो, सूत तो पिऊन बसतं, थांबलं की पाच मिनिटांत पाठ गार पडते. मग थर्मल कितीही चांगलं असो. कातडीला लागून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचंच कापड हवं. जीन्स गावात चालेल, बोटीवर नको.

पाच दिवसांसाठी माणशी एवढं पुरतं : आतले लोकरीचे दोन संच, एक फ्लीसचं (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं) जाकीट, वारा आणि पाणी अडवणारं जाकीट व पँट, लोकरीचे मोजे तीन जोड, कान झाकणारी टोपी, गळपट्टी, पातळ हातमोजे आणि त्यावर घालायचे जाड, बोटं एकत्र राहणारे मोजे. मुलांना पाच बोटांचे हातमोजे देऊ नका, बोटं सुटी राहिली की लवकर गारठतात. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. स्कूटरचा जाड अंगरखा, बूट, हेल्मेट सहल काढणारे देतात, तो खर्च इथं करू नका. बर्फावरून उलटणारं ऊन डोळ्यांना फार लागतं, काळा चष्मा आणि सनस्क्रीन मुलांनाही.

खोल्या छान उबदार असतात. आणि बऱ्याच हॉटेलांत, संग्रहालयात बूट दाराशीच काढावे लागतात. खाणकामगारांनी कोळशाची काजळी घरात आणू नये म्हणून पडलेली ही रीत. आपल्याला नवीन काही नाही, पण मोजे भोकाचे नकोत. पातळ चपला जवळ ठेवा.

प्रश्न : पांढऱ्या अस्वलांचं काय? मुलांना घेऊन पायी फिरता येतं का? (इंदिरानगर)

उत्तर : वस्तीच्या आत खुशाल फिरा. नीब्येन हा दरीतला वरचा भाग, तिथून मधली दुकानं, खाली समुद्रकाठ, असा तीन-साडेतीन किलोमीटरचा उतार आहे. पोहण्याचा बंद तलाव आहे, संग्रहालय आहे, आखूड पायांची रेनडिअर घरांच्या मधून चरत असतात. वस्ती संपते तिथं रस्त्याच्या कडेला अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे. त्या पाटीपाशी फोटो काढायचा आणि मागे फिरायचं. पलीकडे जाणाऱ्याजवळ अस्वलाला हुसकावण्याचं साधन असणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि बंदूक बाळगावी असं प्रशासनाचं आग्रहाचं सांगणं आहे. बंदूक भाड्याने घ्यायला गव्हर्नरच्या कार्यालयाची परवानगी लागते. आपल्यासारख्या सहकुटुंब जाणाऱ्यांनी त्या फंदातच पडू नये. पाटीपलीकडची प्रत्येक सहल सशस्त्र मार्गदर्शकासोबतच.

अस्वल दिसेल म्हणून पैसे मोजू नका. एका दिवसाच्या बोटीवर ते क्वचितच दिसतं. दिसलं तरी २०२५ पासून किमान ३०० मीटर अंतर राखावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. बोट जवळ असेल तर तिनं मागे सरायचं असतं. दुर्बीण न्या, मोबाइलच्या फोटोत पांढरा ठिपका येईल.

मुलांना खरा त्रास अस्वलाचा नाही, कुररीचा. ही छोटी पांढरी समुद्रपक्षीण जून-जुलैत रस्त्याकडेला जमिनीवर अंडी घालते आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यात चोच मारते. ती सर्वांत उंच टोकावर झडप घालते, म्हणून एक काठी डोक्यावर उभी धरून चालायचं आणि न थांबता पुढे जायचं. काठी फिरवायची नाही. कोल्ह्याच्या पिल्लांना हात लावू द्यायचा नाही, तिथल्या कोल्ह्यांत रेबीज आढळतो. गंजलेला खिळा, जुनी फळी, हाडूक उचलून खिशात घालायचं नाही. १९४६ च्या आधीच्या मानवी वापराच्या सगळ्या खुणांना वारसा म्हणून संरक्षण आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. घरून काय नेता येईल? (पंचवटी)

उत्तर : आधी काय नेता येत नाही ते. युरोपीय क्षेत्राबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी, दुधाची पावडर, पनीर हे सगळं बाद. ‘गरम करा आणि खा’ पाकिटांतही पनीर, लोणी, साय असते, मागचा मजकूर वाचल्याशिवाय टाकू नका. बटाटेही नाहीत. तूप तिथं नाही, पण लोणी दुकानात मिळतं, ते कढवून घ्या.

स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. चार माणसं, पाच दिवस, एक वेळचं घरचं जेवण धरून : दीड किलो तांदूळ, पाऊण किलो मूगडाळ, पोहे आणि रवा अर्धा-अर्धा किलो, थालिपिठाची भाजणी अर्धा किलो, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला. रवा घरीच भाजून न्या. दूध, दही, अंडी, पाव, कडधान्यांचे डबे, भाज्या तिथल्या मोठ्या दुकानात असतात. सगळं मुख्य भूमीवरून येत असल्यानं ताज्या भाजीचे भाव झोंबतात. विमान किंवा जहाज लांबलं तर फळी रिकामीही दिसते.

आता फोडणी. तिथली घरं लाकडाची, हवा कोरडी, पाण्याचे पाइप गोठणारे, म्हणून आगीची धास्ती मोठी. प्रत्येक खोलीत धूर ओळखणारं यंत्र असतं. तेल कडकडीत तापवून मोहरी-मिरची टाकली की ते बोंबलतं. काही इमारतींत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं, आणि खोट्या वर्दीचा खर्च पाहुण्याच्या माथी येऊ शकतो. फोडणी घरूनच करून, कढीपत्त्यासह कुरकुरीत, बाटलीत भरून न्या. मिरची तळू नका. चूल विजेची असते, बऱ्याचदा इंडक्शन. आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, तळाला चुंबक चिकटतो का बघून भांडं न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. जुळणारा ॲडॉप्टर इथूनच घ्या.

बोटीवरच्या जेवणात मासे किंवा मटण गृहीत असतं. आरक्षण करतानाच ‘मासेही नाहीत’ असं स्पष्ट लिहा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासा ताटात येऊ शकतो.

प्रश्न : आई अडुसष्ट वर्षांची, इन्सुलिन घेते, गुडघे दुखतात. तिला न्यावं का? (नाशिक रोड)

उत्तर : साखर आटोक्यात असेल, अलीकडे हृदयाचा त्रास झालेला नसेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर जूनमध्ये न्या. गावात लहान रुग्णालय आहे, तातडीचे उपचार होतात. पण गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला हलवावं लागतं आणि हवा वाईट असेल तर विमानही थांबतं. त्यामुळे दुखणं पुरतं बरं झालेलं नसताना नेऊ नका.

इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं, पुन्हा वितळलं तरी वापरू नये. म्हणून ते विमानात हातातल्या पिशवीत, आणि बाहेर फिरताना जाकिटाच्या आतल्या, अंगालगतच्या खिशात. साखर मोजायचं यंत्रही आतच ठेवा. बहुतेक यंत्रं दहा अंशांखाली चूक दाखवतात किंवा चालतच नाहीत. औषधं दुप्पट, दोन वेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, डोसची वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्र होतच नसल्यानं जेवणाच्या वेळा बघता बघता पुढे सरकतात. मोबाइलवर गजर लावा, पडदे ओढा, डोळ्यांवरची पट्टी न्या.

उघड्या रबरी बोटी वेगानं जातात, पाठीला आणि गुडघ्यांना दणके बसतात. आईंसाठी बंद केबिनची मोठी बोट घ्या. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असेल तर बुटाखाली लावायचे दातेरी पट्टे गावात मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. बाकीचं फिरणं टॅक्सीने होतं.

प्रश्न : संकष्टी धरते. सूर्य मावळत नाही तर चंद्र केव्हा बघायचा? (देवळाली)

उत्तर : मेमध्ये बघायचाच नाही, कारण तो दिसणार नाही. उन्हाळ्यात सूर्य जितका उत्तरेला, तितका पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र दक्षिणेला असतो. या अक्षांशावर तो दिवसचे दिवस क्षितिजावर येतच नाही, आणि मेच्या संकष्टीची चतुर्थी त्याच दिवसांत पडते. पंचांगातली नाशिकची चंद्रोदयाची वेळ घ्या आणि साडेतीन तास वजा करा. रात्री साडेनवाचा चंद्रोदय असेल तर तिथं संध्याकाळी सहाला उपास सुटतो. ही सोय बऱ्याच जणी परदेशात करतात, बाकी तुमच्या घरची रीत.

प्रश्न : भारताचं संशोधन केंद्र तिथं आहे म्हणतात. मुलांना आतून दाखवता येईल? (ओझर)

उत्तर : ‘हिमाद्री’ हे केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झालं, ते गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था चालवते. पण ते लाँगइयरब्येनला नाही, त्याहून उत्तरेला नी-ओलेसुंद या संशोधनवस्तीत आहे. तिथं पर्यटक जातात ते जहाजातून, दोन-चार तासांपुरते, आणि इमारत बाहेरूनच दिसते. तिथल्या संवेदनशील उपकरणांमुळे मोबाइलचं वायफाय आणि ब्लूटूथ पूर्ण बंद ठेवावं लागतं. केवळ त्यासाठी एवढा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. जागतिक बियाणे साठ्याचंही तसंच : तो विमानतळाजवळच्या डोंगरात २००८ पासून आहे, हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं पाठवलेलं वाणही त्यात आहे, पण दाराच्या आत पर्यटकांना सोडत नाहीत. दार बघायला पाच मिनिटं पुरतात.

प्रश्न : परतीच्या विमानांमध्ये किती वेळ ठेवावा? (सिन्नर)

उत्तर : लाँगइयरब्येनहून येणारं विमान आणि मुंबईकडचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. उन्हाळ्यात धावपट्टीवर धुकं उतरतं, मग विमान उतरता न आल्यानं ट्रोम्सोला परत जातं आणि तुमची फेरी दुसऱ्या दिवसावर जाते. मधे एक मुक्काम ऑस्लोचा ठेवा. तेही न जमल्यास दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात घ्या, म्हणजे चुकलेलं विमान ही कंपनीची जबाबदारी होते. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून स्वस्तात घेतलेल्या तिकिटांना ही सोय नाही.

बेट नॉर्वेच्या जकात हद्दीबाहेर आहे. म्हणून बॅगेवर मुंबईची चिठ्ठी लागलेली असली तरी ऑस्लोला ती पट्ट्यावरून उचलून, जकातीतून नेऊन पुन्हा द्यावी लागते. शिवाय पारपत्र तपासणी, आणि ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत सुरू झाल्यानं रांग लांबते. विमान ट्रोम्सोमार्गे असेल तर तिथं सगळ्यांना खाली उतरवून हीच तपासणी होते. झोपलेल्या मुलाला उठवून बूट घालायला लागतात, तेव्हा बूट आणि पारपत्रं वरच्या कप्प्यात नको, पायाशी ठेवा.